पोळपाटाभोवतीचे हात

सणासुदीचे पदार्थ आता घरी होत नाहीत, ही तक्रार आपल्या समाजात वारंवार ऐकू येते. श्रावणात ती नागपंचमीच्या, पुरण भरून वाफविलेल्या दिंडांविषयी होते, मार्गशीर्षात वेळ अमावस्येच्या उंड्यांविषयी होते, आणि तिचा रोख बहुतेक वेळा घरातल्या एकाच व्यक्तीकडे, म्हणजे गृहिणीकडे, वळलेला असतो. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत आयत्या पुरणपोळ्या आणि तळलेल्या करंज्या मिळू लागल्या, तेव्हापासून नव्या पिढीच्या स्त्रियांना कष्ट नकोसे झाले, असा निष्कर्ष काढून ही तक्रार थांबते. मला हा निष्कर्ष अन्यायाचा वाटतो. ज्या कामाला पूर्वापार चार-सहा माणसांचे हात लागत होते, ते सगळे काम एकटीच्या माथी आले, म्हणून पदार्थ नाहीसा होत आहे. त्यात करणारीच्या आळसाचा संबंध नाही. परंपरा राखण्याची खरी तजवीज करावयाची असेल तर पोळपाटाभोवती बसणाऱ्यांची संख्या वाढविली पाहिजे, आणि त्या संख्येत पुरुषांची व मुलग्यांची गणना झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. या मताच्या समर्थनार्थ मी वाचकांना पोलंड देशातील एका घरगुती पदार्थाकडे नेणार आहे. कारण तो पदार्थ आपल्या दिंडांच्या इतक्या निकटचा आहे, आणि त्याच्या टिकून राहण्याची कारणे इतकी बोधप्रद आहेत, की मराठवाड्यातल्या घरांनी त्याची ओळख करून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

त्या पदार्थाचे नाव पिएरोगी. गव्हाच्या पिठाची मऊ कणीक पातळ लाटावी, पेल्याच्या काठाने तिच्या गोल चकत्या पाडाव्या, प्रत्येक चकतीवर सारण ठेवून ती अर्धचंद्राकार दुमडावी, कडा चिमटीने मिटवाव्या आणि मिठाच्या उकळत्या पाण्यात सोडून शिजवावी, एवढीच त्याची मूळ कृती. सारणे मात्र नाना प्रकारची. उकडलेला बटाटा, ताजे घरगुती चीज आणि परतलेला कांदा यांचे एक, आंबविलेली कोबी आणि जंगलातली वाळविलेली अळिंबी यांचे दुसरे, मांसाचे तिसरे, आणि उन्हाळ्यात रानातल्या जांभळ्या बोरीफळांचे गोड चौथे. तिखट-खारे पिएरोगी लोण्यात परतलेल्या कांद्यासह, तर गोड पिएरोगी आंबट साईसह वाढतात. स्तानिस्वाव चेर्निएत्स्की याने १६८२ साली मुळात पोलिश भाषेत लिहिलेला जो सर्वांत जुना ज्ञात छापील पाकग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही पिएरोगीच्या कृती आहेत. म्हणजे आपल्याकडे शिवछत्रपतींच्या निधनाला दोनच वर्षे लोटली होती, त्या काळी हा पदार्थ तिकडे ग्रंथप्रविष्ट होण्याइतका रुळलेला होता.

या पदार्थाचे अत्यंत मानाचे स्थान नाताळच्या आदल्या संध्याकाळी, २४ डिसेंबरला, असते. त्या रात्रीला पोलिश लोक विगीलिया म्हणतात. आकाशात पहिला तारा दिसेपर्यंत कोणी जेवावयास बसत नाही. जेवणात मांस नसते. रूढीप्रमाणे पानात बारा पदार्थ असतात आणि त्यांत कोबी-अळिंबीचे पिएरोगी असतातच. मेजावरच्या पांढऱ्या चादरीखाली वाळले गवत पसरलेले असते, आणि एक ताट जास्तीचे मांडून ठेवतात, ते अनपेक्षितपणे दारी येणाऱ्या पाहुण्यासाठी. देशाच्या पूर्व भागात त्याच जेवणात अख्खे गहू शिजवून, त्यात मध आणि वाटलेली खसखस घालून केलेली एक खीरही असते.

लातूरच्या वाचकाला हे वर्णन वाचताना वेळ अमावस्येची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. मार्गशीर्षाच्या अमावस्येला लातूर, धाराशिव आणि लगतच्या सीमाभागातली माणसे गावे व शहरे ओस टाकून शेतात जातात. लातूर जिल्ह्यात जिल्हाधिकारी त्या दिवसाची स्थानिक सुटी जाहीर करतात. शेतात कडब्याची कोप उभी राहते, तिच्यात पाच पांडवांची पूजा होते, रानभर आंबील शिंपडली जाते. मग तुरीच्या कोवळ्या दाण्यांची, हरभऱ्याची, वालाची आणि पालेभाज्यांची भज्जी, सजगुऱ्याचे म्हणजे बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली गार आंबील यांची पंगत बसते; आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीत बसविले जाते. तिकडे चादरीखाली गवत, इकडे डोक्यावर कडबा. तिकडे आंबविलेली कोबी, इकडे आंबविलेले ताक. दोन्हीकडे अख्ख्या गव्हाची खीर आणि दोन्हीकडे वाटसरूचे पान. २०२२ साली वेळ अमावस्या २३ डिसेंबरला आली, म्हणजे लातूरच्या शिवारातली पंगत आणि पोलंडमधली विगीलिया यांत केवळ एका दिवसाचे अंतर पडले. या साम्यामागे काही प्राचीन नाते आहे असा दावा मी करीत नाही. शेतकरी समाज, हिवाळ्यातले लहान दिवस आणि कोठारातले धान्य यांच्या संयोगातून निरनिराळ्या मुलखांत सारखेच आचार जन्मास येतात, एवढाच त्याचा अर्थ. परंतु ज्या दिवशी खाणे सामुदायिक असते, त्या दिवशीचे रांधणेही सामुदायिक असले पाहिजे, हे दोन्ही समाजांनी ओळखले होते, आणि माझ्या विषयाशी निगडित असलेली गोष्ट ती हीच.

पिएरोगी घरी करणे म्हणजे एकट्याने करण्याचे काम नव्हे. अर्धा किलो पिठात साधारण पन्नास पिएरोगी होतात; प्रत्येकाची चकती पाडावयाची, प्रत्येकात सारण भरावयाचे, प्रत्येकाची कड बोटांनी मिटवावयाची. म्हणून पोलिश घरांत सणाच्या आधी हे काम काढले की आजी, आई, मुले, नातवंडे एका मेजाभोवती जमतात. कोणी लाटते, कोणी चकत्या पाडते, कोणी कडा मिटविते, आणि सर्वांत लहान मूल तयार झालेले पिएरोगी पीठ भुरभुरविलेल्या फडक्यावर ओळीने मांडते. दिंडांचे कामही याहून निराळे नाही. हरभऱ्याची डाळ शिजवून गुळासह घोटावी, पुरण वाटावे, कणकेच्या लहान पुऱ्या लाटाव्या, मध्यभागी पुरण ठेवून चारही बाजू पाकिटासारख्या आत दुमडाव्या आणि चाळणीत मांडून वाफवाव्या. नागपंचमीला चिरू नये, तवा ठेवू नये, कढई चढवू नये, या नियमामुळे त्या दिवशी वाफेवाचून गत्यंतर नसते. एकत्र कुटुंबात थोरल्या जाऊबाई पुरणाला बसत, धाकटी लाटीत असे, माहेरपणाला आलेली नणंद घड्या घालीत असे, आणि सासूबाई चुलीपाशी बसून वाफेवर लक्ष ठेवीत. आज नांदेडच्या किंवा लातूरच्या तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात या चौघींचे काम एका स्त्रीने करावे, आणि तेही बहुधा कचेरीतले किंवा शाळेतले काम आटोपून आल्यावर, अशी आपली अपेक्षा असते.

येथे महाराष्ट्राच्याच इतिहासातला एक प्रसंग सांगितला पाहिजे. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत सैन्याने व्यापला, आणि फेब्रुवारी १९४० पासून तेथील लक्षावधी माणसांना घराबाहेर काढून सैबेरिया आणि कझाकस्तान येथे धाडण्यात आले. ३० जुलै १९४१ च्या करारानंतर त्यांतल्या अनेकांची सुटका झाली. पुरुष नव्याने उभारलेल्या पोलिश सैन्यात दाखल झाले आणि स्त्रिया, मुले व वृद्ध इराणमार्गे निरनिराळ्या देशांत पोहोचले. जामनगरचे महाराज दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये बालाचडी येथे पोलिश बालकांना आश्रय दिला, आणि १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात, शहरालगतच्या वळिवडे गावी, सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. ती १९४८ पर्यंत नांदती होती. तेथे चर्च होते, शाळा होत्या, रुग्णालय होते. आणि विशेष म्हणजे कुटुंबांना स्वतःच्या खोल्या व स्वतःचे स्वयंपाकघर होते, त्यामुळे मिळणाऱ्या भत्त्यातून बाजार करून प्रत्येक घर आपले अन्न आपण रांधीत असे. बटाटा-चीजच्या पिएरोगीचे मूळ स्थान जो पूर्व सीमेकडचा मुलूख, त्याच मुलखातून उखडून काढलेली ही माणसे होती. वसाहत उठली तेव्हा ही मंडळी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका आणि स्वतः पोलंड अशी दशदिशांना गेली, आणि त्या जागी फाळणीत घर गमावलेले सिंधी बांधव येऊन वसले. आजचे गांधीनगर ते हेच. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या आश्रयाचा स्मृतिस्तंभ आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्साच्या भेटीत तेथील कोल्हापूर स्मारकास अभिवादन केले.

जमीन, घर, पशू, शेजार, सर्व गेलेल्या समाजापाशी जे उरते त्यांत अन्नाची स्मृती ही अत्यंत चिवट असते. तथापि ती नुसत्या आठवणीच्या बळावर टिकत नाही. पीठ मळण्याचा हात, कड मिटविण्याची चिमूट आणि शिजल्याची खूण ओळखणारी नजर एका पिढीकडून दुसरीकडे जावी लागते, आणि तसे घडण्यासाठी दुसऱ्या पिढीने पहिलीच्या शेजारी बसलेले असावे लागते. जगभर जेथे जेथे पोलिश वस्ती आहे तेथे तेथे पिएरोगी आहेत, त्याचे कारण माझ्या मते हे आहे की त्या घरांनी हे काम कोणा एकीवर टाकले नाही.

कोणी म्हणेल, हा उपद्व्याप कशाला? बाजारात मिळते ते घ्यावे. त्यातून बचत गटाच्या भगिनींना चार पैसे मिळतात. हे म्हणणे आदराने ऐकण्याजोगे आहे, आणि घरगुती व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांच्या उपजीविकेस बाध यावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. परंतु बाजाराचा एक स्वाभाविक नियम आहे: जे टिकते तेच तो विकतो. करंजी तळलेली, म्हणून आठवडाभर राहते. पुरणपोळी प्रवासातही दोन दिवस निभावते. पिएरोगीदेखील गोठवून ठेवता येतात, म्हणून पोलंडच्या दुकानांत त्यांची पाकिटे मिळतात. दिंडाचे तसे नाही. ते चाळणीतून काढावे, त्यावर साजूक तूप सोडावे आणि वाफ निघत असतानाच खावे. गार झाले की त्याची कणीक चिवट होते आणि गोडवा मंदावतो. उंड्यांचेही तसेच, भज्जी आणि आंबिलीवाचून त्यांना गिऱ्हाईक कोण मिळणार? घराने करंजी सोडली तरी करंजी बाजारात जगेल. घराने दिंड सोडले तर दिंडाला दुसरा आसरा नाही. त्यातच नांदेड आणि लातूर या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सोयाबीनने खरिपाचे शिवार व्यापले आणि ज्वारी-बाजरीचा पेरा आटत गेला, तेव्हा उंड्यांचे पीठदेखील विकत आणण्याची वेळ अनेक शेतकरी घरांवर आली आहे.

मग पिएरोगी आपल्या घरी का करावे? माझे उत्तर असे की, जो पदार्थ घरात कोणालाच येत नाही तो शिकताना सर्व जण एका पायरीवर उभे असतात. दिंडे करावयाची म्हटले की सासूबाईंचा शब्द अखेरचा ठरतो, सुनेला दडपण येते, मुलीला आपोआप पोळपाटापाशी बसविले जाते आणि मुलगा तितक्याच आपोआप बाहेर पाठविला जातो. प्रत्येकाची जागा आधीच मुक्रर झालेली असते. परक्या देशाच्या पदार्थाला असा पूर्वापार वहिवाटीचा जाच नाही. एखाद्या रविवारी आजोबांनी बटाटे सोलावे, बाबांनी कणीक मळावी, मुलाने पेल्याने चकत्या पाडाव्या, आणि आईने त्या दिवशी फक्त आपल्या वाट्याची कड मिटवावी, यात कोणाच्या प्रतिष्ठेला बाध येत नाही. ज्या हातांना ही सवय जडेल ते हात पुढल्या श्रावणात दिंडांपाशीही बसतील.

कृती अवघड नाही आणि साहित्य सर्व आपल्या मोंढ्यात मिळते. आपली कणीक कोंड्यामुळे जाडसर असते, म्हणून अर्धी कणीक व अर्धा मैदा असे अर्धा किलो पीठ घ्यावे. त्यात मीठ, चमचाभर तेल आणि पाव लिटरच्या आसपास कोमट पाणी घालून मऊ गोळा मळावा व ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावा, म्हणजे पिठातला ताण उतरून ते लाटताना आखडत नाही. चीज घरीच करता येते: आंबट दही अगदी मंद आचेवर तापवावे, चोथा आणि पाणी वेगळे झाले की फडक्यात बांधून टांगावे. अर्धा किलो उकडलेल्या बटाट्यास पाव किलो असे चीज, दोन परतलेले कांदे, मीठ आणि मिऱ्याची पूड एवढे पुरे. कोबीचे सारण हवे असेल तर पत्ताकोबी बारीक चिरून किलोमागे वीस ग्रॅम मीठ चोळावे आणि स्वतःच्या सुटलेल्या पाण्यात ती दाबून बरणीत ठेवावी. दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंचेच भाईबंद तिला आंबवितात, आणि मराठवाड्याच्या उष्म्यात हे काम थंड पोलंडपेक्षा लवकर होते.

सर्व कौशल्य कडेत आहे. सारण कोरडे व थंड असावे, कारण गरम सारणाच्या वाफेने कणीक ओली होऊन सुटते. भरताना कडेला तुपाचा किंवा कांद्याच्या तेलाचा अंश लागू देऊ नये, कारण स्निग्ध कड चिकटत नाही. चकतीच्या एका टोकापासून आरंभ करून, आतली हवा बाहेर ढकलीत, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत कड दाबीत दुसऱ्या टोकापर्यंत जावे. हवा आत कोंडली तर उकळत्या पाण्यात ती फुगते आणि पिएरोगी उकलून सारण पाण्यात उतरते. रुंद पातेल्यात थोडे थोडे सोडावे, तळाला लागू नयेत म्हणून एकदा हलक्या हाताने हलवावे, आणि वर तरंगू लागल्यावर दोन-तीन मिनिटांनी झाऱ्याने काढावे. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या बोटांना ही कड मोठ्यांच्या बोटांहून लवकर साधते, हे मी स्वतः पाहिले आहे. आणि आपण मिटविलेला पिएरोगी न फुटता तरंगत वर आला, हे पाहताना त्या मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो आयत्या पाकिटातून येत नाही.

पुरुषांनी पोळपाटाशी बसणे आपल्या संस्कृतीत बसत नाही, असे म्हणणाऱ्यांना नांदेडकर नागरिक या नात्याने मी एवढेच सांगेन की, आपल्या गावात सचखंड श्री हुजूर साहिब आहे. गुरू गोविंदसिंगांचे १७०८ साली येथे निर्वाण झाले. त्या पवित्र स्थानाच्या लंगरात पुरुष आणि स्त्रिया सेवेच्या भावाने एकत्र बसून पीठ मळतात, रोट्या लाटतात, भाजतात, पंगतीत वाढतात आणि भांडी घासतात. देशोदेशींचे भाविक तेथे जेवतात आणि त्या सेवेत कोणालाही कमीपणा वाटत नाही. अन्न रांधणे हे सेवेचे काम मानले की ते लिंगभेदापलीकडे जाते, हा धडा आपल्या दाराशी इतकी वर्षे गिरविला जात असताना आपण तो आपल्या घरात आणू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

लातूरची गोष्ट निराळ्या प्रकारे विचार करावयास लावणारी आहे. शिक्षणातल्या लातूर पॅटर्नच्या लौकिकामुळे दूरदूरची मुले त्या शहरात येऊन खोल्या घेऊन राहतात, खानावळीचा डबा लावतात आणि परीक्षेच्या तयारीत दोन-तीन वर्षे काढतात. त्यांच्या अभ्यासाविषयी मला पूर्ण आदर आहे. परंतु अठराव्या वर्षी डॉक्टर किंवा अभियंता होण्यासाठी घराबाहेर पडणाऱ्या मुलाला स्वतःचे चार घास रांधता येऊ नयेत, आणि ते न येणे त्याच्या घरच्यांना भूषणावह वाटावे, ही शिक्षणाची उणीव आहे. तो पुण्याला जाईल, हैदराबादला जाईल, कदाचित वॉर्सालाही जाईल. तेथे आषाढ सरून श्रावण लागेल, पंचमी येईल, आणि आईच्या हातचे दिंड त्याला आठवेल. त्या वेळी ते करता येण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी असावे, एवढी शिदोरी प्रत्येक घराने आपल्या मुलाला, आणि मुलीलाही, बांधून द्यावी.

तात्पर्य, येत्या नागपंचमीला व वेळ अमावस्येला प्रत्येक घराने कामाची वाटणी आधीच करावी. डाळ कोण शिजवील, पुरण कोण वाटील, लाटणे कोणाकडे, घड्या कोण घालील, भांडी कोण घाशील, हे आदल्या दिवशी ठरावे, आणि त्या यादीत घरातल्या प्रत्येक धडधाकट माणसाचे नाव असावे. वेळ अमावस्येला लातूर जिल्ह्यात स्थानिक सुटी असतेच. त्या सुटीचे दोन तास स्वयंपाकघरास द्यावयाचे आहेत. आणि ज्यांचे नाव त्या यादीत नसेल, त्यांनी परंपरा लोप पावल्याबद्दल इतरांस बोल लावण्याचा अधिकारही सोडून द्यावा.